पायाळू आणि उपग्रह

माझी मोठी आत्या पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. एवढ्यावरून गावाने तिच्याबद्दल तीन गोष्टी ठरवून टाकल्या. तिने कमरेवर पाय फिरवला की उसण जाते. जमिनीखालचं पाणी तिला कळतं. आणि वीज तिच्यावर पडते.

पहिल्या दोन गोष्टींमुळे तिला मान होता. उसण भरलेली माणसं कण्हत दारात यायची आणि ही आठ वर्षांची पोर त्यांच्या पाठीवर ऐटीत पाय द्यायची. तिसऱ्या गोष्टीने मात्र तिचं बालपण खाल्लं. आमचं गाव शिरपूर तालुक्यातलं, एका अंगाला तापी आणि दुसऱ्या अंगाला सातपुडा. मृगाच्या तोंडावर सातपुड्याच्या बाजूने आभाळ काळं झालं की आजी हातातलं काम टाकून ओरडायची, "पोरले घर लई ये!" मग आजोबा औत सोडून, नाहीतर सालदार धावत जाऊन, आत्या जिथे असेल तिथून तिला उचलून आणायचा. ती घरात, दार लावून, धान्याच्या कोठीजवळ बसलेली. बाकीची पोरं पहिल्या पावसात. एकदा ती बायकांबरोबर वावरात होती. पाऊस आला तशा सगळ्या जणी बांधावरच्या निंबाखाली जमल्या आणि एक जण तिला म्हणाली, "तू तिकडे हो, तुझ्यापायी आमच्यावर पडेल." ती गोष्ट सांगताना आत्याचा आवाज साठ वर्षांनंतरही बदलतो.

ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि ती खोटी आहे. विजेला कोणाच्या जन्माची कहाणी ठाऊक नसते. मोकळ्या रानात जे उंच असेल त्यावर ती पडण्याचा संभव जास्त. झाडावर पडली तर खोडातून बाजूच्या माणसाकडे उडी घेते, जमिनीत पसरली तर पावलांमधून वर चढते. बैल आणि म्हशी मरतात त्या बहुतेक अशाच, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. शाळेतलं विज्ञान म्हणून हे आपल्याला पाठ आहे, आणि "पायाळू" हा शब्द आपण अंधश्रद्धेच्या कप्प्यात टाकून मोकळे झालो आहोत. मला मात्र गेली दोन-तीन वर्षं वाटतंय की तो शब्द मेलेला नाही. त्याने फक्त कपडे बदललेत. हे कशामुळे वाटलं ते सांगायला थोडं आभाळात जावं लागेल.

वीज वरून कशी दिसते, याचा विचार तुम्ही कधी केलाय का? रात्री गोधडीखाली मोबाईलचा टॉर्च लावला तर बाहेरून टॉर्च दिसत नाही, गोधडी उजळते. उपग्रहाला वीज तशीच दिसते. ती नागमोडी रेघ त्याला दिसत नाही. ढगाचा माथा आतून उजळलेला दिसतो. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते. त्या हवेतल्या ऑक्सिजनचे अणू एका ठरावीक रंगाचा प्रकाश फेकतात. ७७७.४ नॅनोमीटर, लाल रंगाच्या पार कडेला, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. कॅमेऱ्यावर फक्त तेवढाच रंग आत सोडणारी गाळणी बसवतात आणि तो सेकंदाला सुमारे पाचशे चित्रं टिपतो. गंमत अशी की वीज बहुतेक दुपारनंतर कडाडते, तेव्हा ढग उन्हाने आधीच झळकत असतो. म्हणून यंत्र आधीच्या चित्रांतून तयार केलेली ढगाची नेहमीची उजेड-पातळी नव्या चित्रातून वजा करतं. जे उरतं ती वीज. वजाबाकीतून वीज शोधायची, ही कल्पना मला फार आवडते.

अमेरिकेने १९९५ मध्ये असा पहिला कॅमेरा कक्षेत नेला. त्याच्या नोंदींवरून कळलं की पृथ्वीवर सरासरी सेकंदाला चव्वेचाळीसच्या आसपास विजा चमकतात. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये टीआरएमएम या उपग्रहावर त्याची सुधारलेली आवृत्ती गेली आणि २०१५ पर्यंत चालली. त्याच कॅमेऱ्याचा जादा बनवून ठेवलेला नग २०१७ मध्ये अंतराळस्थानकावर बसवला, तो २०२३ पर्यंत होता. पण हे सगळे फिरते होते. टीआरएमएम खानदेशावरून जायचा तेव्हा एखादं गाव त्याच्या नजरेत जेमतेम दीड मिनिट राहायचं. कायमची नजर हवी तर छत्तीस हजार किलोमीटरवर जाऊन पृथ्वीबरोबर फिरत एका जागी थांबावं लागतं. अमेरिकेने २०१६ मध्ये गोज-१६ उपग्रहावर तसा कॅमेरा चढवला, युरोपचा २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेला. गोज-१६ ने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासकडून कॅन्सस सिटीच्या दिशेने पसरलेली एकच वीज टिपली होती, ८२९ किलोमीटर लांब. जळगाव ते मुंबई रेल्वेने जाऊन परत आलात तर जवळपास तेवढं अंतर होईल. असलं काही वाचलं की मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवतो.

आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांवर विजेचा असा कॅमेरा नाही. ते ढग पाहतात, आणि तेही काही कमी नाही. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर उभा असतो, म्हणजे धुळ्याहून सरळ दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत गेलात तर जवळजवळ त्याच्याच खाली पोचाल. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, जमीन तव्यासारखी तापते, हवा वेगाने वर उसळते आणि ढग उंच वाढत जातो. जितका उंच तितका त्याचा माथा थंड, आणि थंड माथ्यातून अंतराळात जाणारी उष्णता कमी. पृथ्वीकडून बाहेर जाणारी ही उष्णता उपग्रह मोजतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये इस्रोने जाहीर केलं की हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने इन्सॅट-३डीच्या अशाच मोजमापांतून वीज पडण्याची चाहूल सुमारे अडीच तास आधी ओळखण्याची पद्धत बसवली आहे. जोडीला पुण्याच्या आयआयटीएमचं जमिनीवरच्या संवेदकांचं जाळं आहे, जे विजेच्या रेडिओलहरी ऐकून ती कुठे पडली ते हुडकतं. 'दामिनी' ॲप त्यावरच चालतं. तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरचं वर्तुळ काढून ते सांगतं की बाबा रे, जवळ आलीय.

अडीच तास. माझ्या आजीला सातपुड्यावरचा ढग दिसल्यापासून मिळायचा तो अर्धा-पाऊण तास.

आता जूनमधला एक साधा दिवस डोळ्यांपुढे आणा. असे दिवस शिरपूर, चोपडा, अमळनेर, पारोळा, कुठेही सापडतील. दहा-बारा बायका ॲपे रिक्षातून कपाशीच्या लागवडीला आल्यात. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या बांधावरच्या निंबाला टांगल्यात. त्यातल्या दोन पिशव्यांत मोबाईल आहेत, एक साधा, एक स्मार्ट. दुपारी साडेबाराला स्मार्ट मोबाईल पिशवीतल्या पिशवीत थरथरतो: तालुक्यात मेघगर्जनेसह विजांची शक्यता, सुरक्षित ठिकाणी जा. समजा तो कोणीतरी वाचला. सुरक्षित ठिकाण म्हणजे पक्क्या भिंतींचं बंद घर किंवा काचा लावलेली बंद गाडी. ॲपे रिक्षा उघडी, ट्रॅक्टर उघडा, पंपाच्या खोलीत तीन माणसं मावतात, गाव दोन किलोमीटर. अडीच तासांत दोन किलोमीटर सहज चालता येतात. मग त्या का जात नाहीत?

कारण मागच्या मंगळवारीही असाच मेसेज आला होता आणि थेंब पडला नव्हता. कारण साडेबाराला निघालं तर अर्धा रोज जातो. कारण रिक्षा पाचला येणार. कारण काम थांबवायचं की नाही हे त्या ठरवत नाहीत, मुकादम ठरवतो. मुकादमही ठरवत नाही, तो मालकाला फोन लावतो. मालकाकडे तोच मेसेज आलेला असतो, कदाचित त्याच क्षणी. मालक तरी खलनायक आहे का? बहुतेक वेळा तो चार-पाच एकरांचा माणूस असतो. वाफसा आहे तोवर सरकी जमिनीत गेली पाहिजे, उद्या चिखल झाला तर चार दिवस वावरात पाय घालता येणार नाही. आणि इशारा तालुक्याचा आहे, वीज पडणार एका झाडावर. आतापर्यंतच्या सगळ्या जूनमध्ये त्याच्या वावरात ती पडलेली नाही. त्याचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. तो फक्त दुसऱ्यांच्या जिवावर मांडलेला आहे, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

आणि मग वीज पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसं विजेने गेली. त्या वर्षी निसर्गाच्या प्रकोपाने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी हा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. पूर आणि उष्माघात यांच्यापेक्षा वीज जास्त माणसं मारते, आणि तरी तिची हेडलाईन होत नाही, कारण ती एकेकाला, फार तर दोघा-तिघांना मारते. जिल्ह्याच्या पानावर चार ओळी, खाली पंचनामा केल्याचं वाक्य.

त्या चार ओळींखाली मोबाईलवर येणाऱ्या प्रतिक्रिया वाचून पाहा. "अलर्ट दिला होता ना?" "झाडाखाली उभं राहू नये एवढंही कळत नाही का?" "ॲप फुकट आहे, लोकच बेफिकीर." मला इथे निंबाखालची ती बाई ऐकू येते. ती म्हणत होती, तुझ्यात दोष आहे म्हणून वीज तुझ्यावर पडेल. हेही तेच म्हणतात. तेव्हा दोष जन्माचा होता, आता अडाणीपणाचा. दोन्हीकडे उत्तर एकाच प्रश्नाचं आहे: एवढ्या जणांत हिच्यावरच का? आणि दोन्ही उत्तरांचा फायदा एकच, बाकीचे सगळे मोकळे होतात.

ज्युडिथ श्क्लार नावाच्या राजकीय विचारवंत होत्या. १९९० च्या 'द फेसेस ऑफ इनजस्टिस' या पुस्तकात त्यांनी विचारलं, एखाद्या आपत्तीला दुर्दैव कधी म्हणायचं आणि अन्याय कधी? सोपं उत्तर असं की निसर्गाने केलं तर दुर्दैव, माणसाने केलं तर अन्याय. श्क्लार यांना ते पुरेसं वाटलं नाही. ज्याला टाळता येण्यासारखं होतं आणि टाळलं नाही, तो हात न लावताही अन्यायात सामील असतो. आणि ही रेष कुठे ओढायची हे बहुधा ज्याच्यावर आपत्ती कोसळली तो ठरवत नाही, दुसरेच ठरवतात.

या कसोटीवर विजेची गोष्ट विचित्र दिसते. आजीच्या काळात निंबाखालचा मृत्यू दुर्दैव होता, कारण कोणाला काहीच माहीत नव्हतं. आता आकाशातून अडीच तास आधी दिसतं. म्हणजे तो टाळता येण्यासारखा झाला. इथवर ठीक. पण टाळता येण्यासारखा झाल्याबरोबर तो ज्यांना टाळता आला असता त्यांच्या खात्यावर न जाता मेलेल्याच्या खात्यावर गेला. पूर, भूकंप, गारपीट या केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत वीज नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी तिला आपल्या पातळीवर आपत्ती मानलं आणि मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात. यादीत घ्या अशी काही राज्यांची मागणी होती, तेव्हा २०२३ मध्ये वृत्तपत्रांत केंद्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हवाल्याने कारण आलं होतं: जागरूकता असेल तर हे मृत्यू टाळता येतात. मी ती बातमी दोनदा वाचली. टाळता येतात, म्हणून आपत्ती नाही. ज्या वाक्याने सरकारची जबाबदारी वाढायला हवी, त्याच वाक्याने ती कमी झाली.

पुण्यात आयटीत असलेला माझा एक मित्र यावर वैतागतो. त्याचं म्हणणं, शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं, माहिती फुकट पोचवली, पुढचं ज्याचं त्याने बघावं. प्रौढ माणसाला आपण कुक्कुल्या बाळासारखं वागवायचं का? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. शास्त्रज्ञांबद्दल माझी तक्रार नाहीच, वजाबाकी करून वीज शोधणाऱ्यांना माझा सलाम आहे. शिवाय मजूर बाई काही बाळ नाही, ढग वाचायला ती आमच्या दोघांनाही शिकवेल. पण मित्राच्या मोबाईलवर इशारा आला तर तो खुर्चीतून उठून खिडकी लावतो. त्याला निवड करायला काही मोजावं लागत नाही. तिला मोजावं लागतं. एकच मेसेज, आणि दोघांकडे पोचेपर्यंत त्याचे दोन अर्थ होतात. त्याच्याकडे ती माहिती असते. तिच्याकडे पोचते ती नंतर दाखवायची पावती: सांगितलं होतं.

म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न इशारा पोचला की नाही हा नाही. फुकट गेलेल्या इशाऱ्याची किंमत कोणी भरायची, हा आहे. विजेचे इशारे फुकट जाणारच. वरून दिसणाऱ्या एका ठिपक्यात अख्खं गाव मावतं, शिवारासकट, आणि त्यातली वीज ढगातल्या ढगात राहिली की जमिनीवर उतरली हे त्या कॅमेऱ्यालाही धड सांगता येत नाही. बहुतेक विजा ढगातच राहतात. तेव्हा दहा वेळा काम थांबवलं तर नऊ वेळा, कदाचित त्याहून जास्त वेळा, उगाच थांबवल्यासारखं वाटेल. आज ती किंमत ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांच्या पदरातून जाते, अर्ध्या रोजाच्या रूपात, आणि ती परवडत नाही म्हणून एखादी जिवाने भरते. मेल्यावर चार लाख द्यायला नियम आहे. जिवंत राहण्यासाठी अर्धा दिवस द्यायला नियम नाही. रोजगार हमी ही महाराष्ट्राची कल्पना, १९७७ चा कायदा, पुढे देशाने उचललेली. निदान त्या कामांवर तरी लाल इशाऱ्याच्या दुपारी हजेरी पूर्ण धरायला काय हरकत आहे? खाजगी वावरांचं काय करायचं, याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. लहान शेतकऱ्याच्या गळ्यात सगळं ओझं घालणं हेही मला पटत नाही. पण गावात एक पत्र्याची का होईना शाळा असते, तिची किल्ली जूनच्या सुट्टीत कोणाकडे असते, एवढं विचारायला उपग्रह लागत नाही.

आत्याकडे परत येतो. लहानपणी मला तिची दया यायची. आता मोठेपणी तिच्या हकिकतीत मला दुसरंच काही दिसतं. सगळ्या गावात विजेपासून नीट वाचवली जाणारी ती एकटीच होती. बंद घरात, भिंतीपासून दूर, जमेल तेवढ्या लवकर. कारण चुकीचं होतं, पण त्या कारणाने तिच्याभोवतीच्या माणसांवर एक काम सोपवलं होतं. ढग दिसला की कोणीतरी औत सोडून तिला आणायला जायचंच, पेरणी असो नाहीतर काही असो. आजोबांनी कधी हिशोब केला नाही की मागच्या वेळी तर वीज पडली नव्हती. निंबाखालून हाकलणाऱ्या त्या बायकांना मात्र आणायला कोणी येत नव्हतं, कारण त्या पायाळू नव्हत्या. अंधश्रद्धेचं कौतुक करतोय असं वाटेल, तर तसं नाही. तिने एका पोरीला जन्मभराची लाज दिली. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी आमच्या ॲपला ठाऊक नाही: धोका कळल्यावर उठायचं कोणी.

आत्या आता धुळ्याला, देवपुरात मुलाकडे असते. गेल्या मे महिन्यात मी तिच्या मोबाईलवर 'दामिनी' टाकून दिलं. वर्तुळं दाखवली, ठिपके दाखवले, हा आपला बिंदू, ही वीज. तिने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हाई कोनले बलावस?" हे कोणाला बोलावतं?

मी म्हटलं, कोणालाच नाही, आपल्यालाच बघायचं असतं. तेवढ्यात साक्रीकडच्या बाजूने गडगडलं. शेजारच्या गच्चीवर एक तरुण सून कुरडयांचं वाळवण गोळा करत होती, मोबाईल कानाला. आत्याने माझा हात बाजूला केला, खिडकीत गेली आणि तिला खाली ये म्हणून हाक मारली. ती हसली, एवढं आटपते म्हणाली. आत्याने दुसऱ्यांदा हाक मारली ती अशी की खालच्या गल्लीतले दोघं-तिघं वर बघायला लागले. तेव्हा ती पोर प्लास्टिकचा कागद तसाच गुंडाळून जिन्याकडे पळाली. निम्म्या कुरडया गच्चीवरच राहिल्या.